देवमाशाचा हंगाम आणि मायचा वेचा

परत येऊन तीन आठवडे झाले, तरी ऑफिसात कोणी ना कोणी माझ्या टेबलाशी थांबतं आणि विचारतं, "मग मॅडम, दिसला का देवमासा?" दिसला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागायला नको. ज्यांनी अजून समुद्र पाहिलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पण या प्रवासात मासा सोडून दुसरंही काही घडलं, ते मी ऑफिसात कोणाला सांगितलेलं नाही. तेही लिहिणार आहे.

यवतमाळ

मी यवतमाळला एका सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळते. वय चाळिशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही, त्याची चर्चा इथे नको. माझी आई शेवंताबाई, मी तिला माय म्हणते, बाभुळगाव तालुक्यातल्या आमच्या गावी एकटी राहते. चाळीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचला आणि त्यावर मला शिकवलं. गावात आमची बौद्धांची वस्ती आहे, तिथल्या बारा बायांची तिची टोळी आहे आणि माय त्या टोळीची म्होरकी. म्हणजे शेतात शिरल्यावर धुऱ्याला, शेताच्या बांधाला लागून जी पहिली पात, पऱ्हाटीची म्हणजे कपाशीच्या झाडांची पहिली ओळ, ती मायची. बाकीच्या तिच्या मागोमाग पाती धरतात. वेग ती ठरवते, भाकरीची सुट्टी ती करते, कोणाच्या शेतात जायचं आणि कोणाच्या नाही हेही तीच ठरवते. त्या पहिल्या पातीचे जास्त पैसे वगैरे काही मिळत नाहीत. मिळतो तो मान.

टोळीचा एक नियम आहे. हंगामात जी बाई सलग आठ दिवस आली नाही, तिची पात जाते. परत आली की शेवटून सुरुवात करायची, मग ती कोणी का असेना.

हा नियम मला पाठ होता. मी त्याच्याच भरवशावर होते.

गेली काही वर्षं कापसाची वाईट होती. बोंडअळी काही केल्या जात नव्हती, म्हणून फवारणीवर फवारणी चालायची, आणि फवारलेल्या पऱ्हाटीत माय अनवाणी वेचायची. संध्याकाळी तिचे हात कोपरापर्यंत लाल व्हायचे. मागच्या दिवाळीनंतर ती धुऱ्यावरच चक्कर येऊन पडली. मी म्हटलं, बस झालं, माझ्याकडे यवतमाळला चल. ती म्हणाली, "तिथं बसून काय करू, भिंती मोजू?" मी रडले, चिडले, डॉक्टरांना सांगायला लावलं. ती डॉक्टरांसमोर हो म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला शेतात.

मग वर्तमानपत्रात ते कात्रण दिसलं. सिंधुदुर्गच्या समुद्रात, किनाऱ्यापासून फार लांब नाही, थंडीच्या दिवसांत देवमासे दिसतात. हंगाम मार्गशीर्षापासून होळीपर्यंत, त्यातही माघ-फाल्गुनात जास्त, असं तिथल्या कोळ्यांचं म्हणणं. मला लहानपणापासून देवमाशाचं वेड आहे हे खरं आहे. शाळेत असताना मी वहीच्या शेवटच्या पानावर देवमासे काढायची. पण माघापर्यंत कापसाचा वेचा आटोपतो, आणि मला नेमकं वेच्यात मायला उचलायचं होतं. सलग आठ दिवस. तिची पहिली पात गेली की तिचं मन टोळीवरून आपोआप उतरेल, असा माझा हिशेब.

कात्रण पर्समध्ये ठेवून मी गावी गेले आणि म्हटलं, "माय, देवमासा फक्त ह्या पंधरवड्यात दिसते. मंग वर्षभर नाही."

माय चुलीपुढे बसली होती. "वेचा सोडून?" एवढंच म्हणाली.

मी यवतमाळला परत आले. तिसऱ्या दिवशी पारावरच्या फोनवरून तिचा फोन आला. "काढ तिकिटं. तुनं आजवर कधी काही मांगतलं नाही मले. कांताले सांगतलं म्या, पात धर म्हणून." कांताबाई म्हणजे टोळीतली दुसऱ्या पातीची. मी फोन ठेवला आणि आनंदाने लगेच तिकिटं काढायला निघाले. लाज नंतर वाटली, तेव्हा नाही.

घाट उतरल्यावर

धामणगावहून कोल्हापूरची गाडी आणि कोल्हापूरहून एसटी, यात सांगण्यासारखं काही नाही. माय खिडकीशी बसून रस्त्याकडची शेतं वाचत होती. सांगलीकडचा ऊस पाहून म्हणाली, "ह्या लोकांचं बरं हाय, एकदा कापलं का झालं. आपल्यासारखं एक एक बोंड वेचत बसा लागत नाही."

घाट उतरून मालवणकडे लागलो तशी हवा बदलली. आम्ही उतरलो ती वाडी मालवणच्या दक्षिणेला, माडांच्या गर्दीत. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. मायने पदराचं टोक मुठीत दाबलं आणि तोंड वाकडं केलं.

"रंजे, इथली हवाच पाणी मारलेली हाय."

वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारतात, ते मुठीत दाबून ओळखायची मायची चाळीस वर्षांची सवय. तिने उशी दाबून पाहिली, चादर दाबून पाहिली, शेवटी यजमानीणबाईंनी दिलेला पापडही दाबून पाहिला. सगळ्यांचा निकाल एकच.

यजमानीण शालिनीताई. नवरा मासेमारीत, घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना. मोठ्या आवाजाची, गोल चेहऱ्याची बाई. पहिल्या रात्री तिने बांगड्याचं तिखलं केलं, सोलकढी केली, भाताचा डोंगर वाढला. मायने दोन घास खाल्ले आणि माझ्या कानाशी आली. "खोबऱ्याबिगर ह्या लोकांले काही येते का नाही?" मग तिने गाठोड्यातून जवसाची चटणी काढली. शालिनीताईने चिमूटभर जिभेवर ठेवली आणि म्हणाली, "मावशी, ह्या कसा करतत ता माका लिवन द्या." दुसऱ्या दिवसापासून ती चटणी त्यांच्या माशाच्या जेवणात दिसायला लागली. ज्वारीच्या पिठाची पिशवी आम्ही आणली होती, तीही मायने उघडली. भाकरी थापायला बसली तेव्हा शालिनीताईची सासू बाहेर येऊन पाहत उभी राहिली, जत्रेत आल्यासारखी.

शेजारच्या खोलीत पुण्याचं एक जोडपं होतं. भली माणसं. आम्ही यवतमाळचे म्हटल्यावर त्या बाईंचा चेहरा एकदम उतरला. माझा हात धरून खालच्या आवाजात म्हणाल्या, "अरे देवा. कसं चाललंय हो तुमच्याकडे? आम्ही टीव्हीवर पाहतो." सुतकाला आल्यासारखा आवाज. बाहेर कुठेही यवतमाळ म्हटलं की गेली काही वर्षं हेच होतं, त्यामुळे मी नेहमीप्रमाणे मान हलवायला लागले.

मायने मान हलवली नाही. "बरं चाललं बाई," ती म्हणाली. "यंदा थंडी मस्त पडली आमच्याकडं. या एकदा, हुरडा खाऊन जा." त्या बाईंनी माझा हात सोडला.

चप्पल

दुसऱ्या दिवशी समुद्राचं पहिलं दर्शन. ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते, फोटोत तो निळा असतो आणि खरा राखाडी असतो, निदान सकाळी. आणि तो थांबत नाही. हे ऐकून माहीत असतं, पण माय दहा मिनिटं बघून म्हणाली, "हे बंद कधी होते?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की मलाही आतून तोच प्रश्न पडला होता.

ओल्या वाळूत चालायला बरं वाटावं म्हणून मायने चपला काढल्या. पाण्यापासून चांगल्या वीस पावलांवर, कोरड्या जागी, नीट जोडीने ठेवल्या, वर माझी पिशवी ठेवली. आम्ही लांबवर चालत गेलो. शंख वेचले, अर्थात मायने वेचले, तिच्या हाताला वेचायला काहीतरी लागतंच. तासाभराने परतलो तर कोरडी जागाच नव्हती. पिशवी पाण्यात लोळत होती, एक चप्पल तिच्या पट्ट्यात अडकली होती आणि दुसरी रत्नागिरीच्या दिशेने गेली असावी.

माय कमरेवर हात ठेवून समुद्राला बोलली. "आमची बेंबळा नदी बी पुरानं येते. पण ढग दाखवून येते. आभाळ साफ असताना असं चोरून कोणी येते का रे?"

घरी हे ऐकून शालिनीताई पोट धरून हसली. भरती-ओहोटी शाळेत सगळ्यांनी पाठ केलेली असते, चंद्राच्या चित्रासकट. मी तर त्यावर पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. पण वीस पावलं पाण्यापासून लांब म्हणजे लांब, हा आम्हा जमिनीवरच्या लोकांचा हिशेब. शालिनीताईने मायला आपल्या जुन्या रबरी चपला दिल्या. मायने त्या परत करायचं नावच काढलं नाही, आणि त्या बदल्यात जवसाची उरलेली सगळी चटणी देऊन टाकली.

बाबीची होडी

तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही मासा बघायला निघालो. होडीवाल्याचं नाव बाबी. पन्नाशीचा, बारीक, बोलण्याआधी पाण्याकडे बघणारा माणूस. त्याने आधीच सांगून टाकलं, "दिसतलो, दिसाचो नाय, ता काय आमच्या हातात नाय." मला हे आवडलं. खात्री देणाऱ्या माणसापेक्षा असा माणूस मला केव्हाही बरा वाटतो.

होडीने किनारा सोडल्यावर माय तळाशीच बसली, दोन्ही हातांनी फळी धरून. नारिंगी जाकिटात तिची मान बुडून गेली होती. डॉल्फिन मात्र लगेच दिसले. चार-पाच, करड्या पाठीचे, आमच्या बाजूने वर-खाली करत चालले. मी आनंदाने ओरडले. मायने मान उंचावून पाहिलं. "म्हशीची पोरं डबक्यात शिरावी तशे हायेत," म्हणाली आणि पहिल्यांदा फळीवरचा एक हात सोडला.

दोन तास फिरलो. देवमासा नाही. उन्हं चढली. परत फिरताना बाबी सहज म्हणाला, आणि ते शब्द मला जन्मभर आठवतील, "तुमी आता कित्याक इलास? शिमग्याच्या आदी महिनोभर येवचा. तेव्हा तारली मासळी येता, तिच्या मागसून मासो येता. तेव्हा इलास तर हमखास."

माय बाबीकडे वळली. मग बाबीलाच विचारलं, "शिमगा म्हणजे होळी ना दादा?"

"होय, होळी."

"होळीच्या आंधी दिसते मासा?"

"तेव्हाच तर जास्त."

माय माझ्याकडे वळली नाही. तिने परत दोन्ही हातांनी फळी धरली. होडीच्या इंजिनचा आवाज मोठा होता, मी काही बोलले असते तरी ऐकू गेलं नसतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला काही बोलायचंच नव्हतं. किनाऱ्याला लागल्यावर ती बाबीचा हात धरून उतरली, माझा नाही.

त्या दिवशी ती माझ्याशी एकच वाक्य बोलली, जेवताना. "होळीले वेचा सरते."

रापण

चौथ्या दिवशी मी उठले तर मायचं अंथरूण रिकामं. घाबरून बाहेर धावले. समुद्राकडून हाका ऐकू येत होत्या.

किनाऱ्यावर रापण चालली होती. रापण म्हणजे काय ते सांगायला हवं. एक होडी मोठ्ठं जाळं पाण्यात अर्धगोल टाकत जाते. जाळ्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, आणि मग पन्नास-साठ माणसं दोन रांगांत उभी राहून ते दोर ओढतात. बाप्ये, बाया, म्हातारे, सगळे. पाय वाळूत रोवून, एका ठेक्यात, मागे मागे सरकत. जो मागे पोचला तो दोर सोडतो आणि परत पुढे पाण्याशी येऊन धरतो. अशी ती रांग फिरत राहते.

त्या रांगेत, लुगडं खोचून, शालिनीताईच्या रबरी चपला बाजूला काढून, माझी माय.

"माय!" मी जवळ गेले. "आपण इथं पाहुणे आहो. काहून ओढून राह्यली? डॉक्टरनं काय सांगतलं तुले?"

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "पाहुणी तू हायस," ती म्हणाली आणि ठेक्याबरोबर मागे सरकली.

मी वाळूत बसून राहिले. राग आला होता, तो कोणाचा ते धड कळत नव्हतं. जाळं आलं तेव्हा सूर्य चांगला वर आला होता. मासे फार नव्हते, थोडे बांगडे, थोडी तारली, बरेच जेलीफिश. रापणीचा प्रमुख, तांडेल म्हणतात त्याला, वाटे करत होता. पिकल्या मिशांचा दांडगा माणूस. त्याने मायपुढे सहा बांगडे ठेवले. माय नको म्हणाली. तो म्हणाला, "दोरयेक हात लावल्यार वाटो घेवकच व्हयो, मावशी. आमचो कायदो."

मायने ते बांगडे पदरात घेतले. मग तिने जे विचारलं ते मी अगदी जवळून ऐकलं.

"अन् कोणी आठ-पंधरा दिवस आलंच नाही, तं?"

"इलो नाय तर वाटो नाय."

"मंग परत आला तं? कुठं उभा राह्यते?"

तांडेलला प्रश्नच कळला नाही. "खंय म्हंजे? दोरी मोठी असा. खंयव धर."

माय त्या दोराकडे पाहत उभी राहिली. आमच्या शेतात पहिली पात असते आणि शेवटची पात असते. या दोराला पुढचा माणूस मागे जात होता आणि मागचा पुढे. नंतर शालिनीताईच्या अंगणात बांगडे साफ करताना ती म्हणाली, मला नाही, शालिनीताईला, "आमचा नियम वाईट हाय बाई. कांता पोरीच्या बाळंतपणाले गेलती, दहा दिवस. म्या तिले शेवटच्या पातीवर धाडलं. तिले वर यायले पाच वर्षं लागले."

पाचव्या दिवशीही माय रापणीवर गेली. मी तिच्या मागे गेले आणि दोर धरला. अर्ध्या तासात माझे तळहात सोलून निघाले. मायने एकदा माझ्या हातांकडे पाहिलं आणि दोर ओढत राहिली. मला तीन बांगडे मिळाले.

सहावा दिवस

सहाव्या दिवशी सकाळी माय स्वतःच जाकीट घालून तयार होती. "चाल. तुहा मासा पाहून घेऊ. एवढ्या दूर आलो तं पाहूनच जाऊ."

बाबी आज जास्त आत घेऊन गेला. किनारा पेन्सिलीच्या रेघेएवढा झाल्यावर त्याने इंजिन बंद केलं. एकदम शांतता. होडी नुसती डुलत होती. बाबी टोकाला उभा राहून पक्षी कुठे जमतात ते बघत होता.

"रंजे," माय म्हणाली. "एक इचारू का? खरं सांगजो."

"विचार."

"हंगामाचं खोटं बोलली, ते कळलं मले. माहे हात लाल होतात म्हणून बोलली, ते बी कळलं. पन तेवढंच हाय का? का तुले माह्यी लाज वाटते?"

मी नाही म्हणणार होते. नाही हा शब्द तोंडात आलाच होता. पण इंजिन बंद होतं, आजूबाजूला मैलभर नुसतं पाणी होतं आणि मायचे डोळे माझ्यावर होते. मला आठवला तो ऑफिसातला निरोपसमारंभ. नव्या साहेबांच्या बायकोने विचारलं होतं, आई काय करतात? आणि मी झटकन म्हटलं होतं, गावी शेती आहे. ते वाक्य मी वीस वर्षं म्हणत आले होते.

"वाटते," मी म्हणाले. "ऑफिसात मी सांगते का आमची शेती हाय."

मायने मान हलवली. "हाय ना शेती," ती म्हणाली. "दुसऱ्याची हाय, पन हाय."

मला रडू फुटलं. चाळिशी ओलांडलेली बाई, होडीत बसून हुंदके देत होती, आणि बाबी बिचारा आमच्याकडे पाठ करून समुद्र न्याहाळत होता. माय माझ्या पाठीवरून हात फिरवत नव्हती, समजूत घालत नव्हती. तिने मला रडू दिलं. मग म्हणाली, "मी थकली का नाही ते मले ठरवू दे. तू इचारत जाजो. दरवर्षी इचार. पन अशी उचलून नेऊ नको मले, पोत्यासारखी."

"नाही नेणार," मी म्हटलं.

तेवढ्यात बाबीने हात वर केला. 

डावीकडे, आमच्यापासून दोन शेतं असतील एवढ्या अंतरावर, पाण्यातून वाफेसारखा फवारा उडाला. मग फूं असा आवाज आला, मोठ्या माणसाने दमून श्वास सोडावा तसा. आणि मग पाठ. काळी, ओली, चकचकीत पाठ. ती वर आली आणि पुढे पुढे सरकत राहिली, संपेचना. मी मनात म्हणत होते आता संपेल, आता संपेल. शेवटी मागच्या बाजूला एक छोटासा, वाकडा पर दिसला आणि पाणी परत सपाट झालं. चित्रात असतं तशी शेपूट वर आली नाही. बाबी म्हणाला, हा मासा शेपूट दाखवत नाही.

तो तीनदा वर आला. दुसऱ्यांदा इतका जवळ की त्याच्या श्वासाचा वास आमच्यापर्यंत पोचला. सडक्या माशांचा, भयंकर. तिसऱ्यांदा लांब, आणि मग नाहीच.

मला वाटलं होतं की मी ओरडेन, नाचेन. मी आहे तिथेच बसून होते. मायने माझं मनगट धरलं होतं, बोंडांच्या काट्यांनी चिरलेल्या त्या खरबरीत बोटांनी, इतकं घट्ट की संध्याकाळपर्यंत वळ राहिले.

"बाप्पा बाप्पा," ती पुटपुटत होती. "एवढं मोठं जनावर, अन् आपल्याले काहीच नाही करून राह्यलं."

परतताना ती होडीच्या फळीवर बसली होती, तळाशी नाही. बाबीला विचारत होती की तो काय खातो, एकटाच असतो का, पिल्लाला दूध पाजतो हे खरं का. दूध पाजतो हे ऐकून तिला फार बरं वाटलं. शालिनीताईकडे निरोप घेताना दोघी एकमेकींना "पुन्हा ये" आणि "तू ये" असं पाच-सहा वेळा म्हणाल्या. शालिनीताईने सुके बांगडे बांधून दिले. गाडीत त्यांचा वास पसरला तेव्हा समोरच्या गृहस्थांनी कपाळाला आठ्या घातल्या. मायने त्यांनाही एक देऊ केला.

गावी

परत आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी माय कामावर निघाली. माझी एक रजा उरली होती, मीही तिच्याबरोबर गेले. सकाळी दव होतं, पऱ्हाटी ओली होती, त्यामुळे टोळी धुऱ्यावर ऊन येण्याची वाट बघत बसली होती. माय दिसताच सगळ्यांनी जय भीम केला, गलका झाला.

ऊन आलं. बाया उठल्या. पहिल्या पातीशी कांताबाई उभी होती. तिने मायकडे पाहिलं आणि जरा बाजूला सरली. माय तिच्यासमोरून गेली, दुसऱ्या पातीसमोरून गेली, एक एक पात मागे टाकत शेवटी बाराव्या पातीशी जाऊन उभी राहिली आणि ओटीचं फडकं कमरेला बांधायला लागली.

माझा हिशेब अगदी बरोबर निघाला होता. मला जे हवं होतं ते समोर घडत होतं, आणि मला ते बघवेना. मी कांताबाईकडे गेले. "कांतामावशी, मायची चूक नाही हो यात. म्या नेलं तिले. तिची पात तिले द्या."

"म्या तं कालच म्हटलं," कांताबाई म्हणाली. "तिची आहे तं तिनं घ्यावं. म्या कायले धरू?"

"चूप वं," शेवटच्या पातीवरून माय म्हणाली. "नियम माहाच हाय. कांतानं पाच वर्षं भरले, मी बी भरीन. पुढच्या हंगामाले बसू सगळ्याजणी, नियम बदलू. पन यंदा हाय तो हाय." आणि ती वाकली.

मी तिच्या बाजूची तेरावी पात धरली. मला वेचता येतं, लहानपणी शाळा सुटल्यावर वेचलेला आहे, पण हात विसरला होता. बोंडाची टोकं बोटांत शिरायला लागली. रापणीने सोलवटलेले तळहात झोंबत होते. माय दोन पऱ्हाट्या पुढे जायची आणि थांबून माझ्याही पातीतली चार बोंडं वेचून द्यायची.

अर्ध्या शेतात गेल्यावर पहिल्या पातीवरून कांताबाईने हाक मारली. "शेवंताबाई, मासा तं सांगा! दिसला का नाही?"

"दिसला ना."

"केवढा होता?"

माय उभी राहिली, कमरेवर हात ठेवला आणि शेताकडे बघून अंदाज घेतला. "तू उभी हायस तिथून धर, अन् इकडं माह्यापर्यंत ये, अन् आणखी दोन पाती पुढं जाय. एवढा."

अकराच्या अकरा जणींनी माना वळवून शेताची रुंदी पाहिली. कोणीतरी म्हणालं, "जा वं! खोटं सांगून राह्यली शेवंता!"

"म्या नाही," माय म्हणाली. "खोटं ह्या पोट्टीनं सांगतलं. मले म्हणे, मासा ह्याच पंधरवड्यात दिसते, मंग वर्षभर नाही. पुरं खोटं. माह्यी पात घालवली हिनं."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्या ओटीत जेमतेम पसाभर कापूस होता. मी मान खाली घातली.

मायने पुढचं बोंड ओढलं.

"पन मासा खरा होता."